इटलीची रंगीत तालीम

इटलीचा विषय आमच्या घरात निघाला तो सकाळच्या चहाला, आणि काढला मीच. आमच्या नाट्यगृहाच्या रंगमंचाच्या फळ्या कुजल्या होत्या. एका भरदार राजाचा पाय भर दरबारात घोट्यापर्यंत आत गेला, तेव्हा कुठे समितीला जाग आली आणि फळ्या बदलायचं ठरलं. तेवढे दिवस प्रयोग बंद, तालमी बंद. मी तिथली रंगमंच व्यवस्थापक. म्हणजे पडदा कधी उघडायचा, दिवे कधी मंद करायचे, मेलेल्या माणसाने उठून कुठल्या विंगेत जायचं, हे सगळं माझ्या इशाऱ्यावर चालतं. पाठीमागे नट मला फौजदारीण म्हणतात. म्हणोत बापडे. वेळेवर एन्ट्री घेतात ना, मग झालं.

तर चहा ओतता ओतता मी म्हटलं, सुट्टी मिळतेच आहे तर आपण दोघी मायलेकी इटलीला जाऊन येऊ. तीन-चार दिवस, एकच शहर, धावपळ नाही. नवरा खूश झाला. त्याचं चष्म्यांचं दुकान, ते काही बंद ठेवता येत नाही, पण बायको आणि मुलगी इटलीला जाणार या नुसत्या कल्पनेने त्याने आणखी एक टोस्ट घेतला. मुलीने फोनमधून मान वर केली आणि म्हणाली, "चालेल."

या चालेलचा मला मनस्वी राग आहे. उरलेला भात चालेल, शेजाऱ्यांची छत्री चालेल. इटलीला कोणी चालेल म्हणतं का? पण पोरीशी सकाळी सकाळी वाद घालायचा नाही असं आमच्या घरात ठरलेलं आहे, म्हणून मी आणखी चहा ओतला.

मुलीला घरात आम्ही टिटवी म्हणतो. लहानपणी ती इतकी किंचाळायची, की वरच्या मजल्यावरच्यांनी बिऱ्हाड बदललं, आणि ते आमच्यामुळे नव्हे असं जाताना पुन्हापुन्हा सांगितलं. आता सोळावं लागलंय आणि तोंडातून शब्द काढायचा म्हणजे तिच्या जिवावर येतं. उंचीने माझ्या डोक्यावरून गेली आहे. तिच्या खांद्यावर हात ठेवायचा तर मला टाचा उचलाव्या लागतात, आणि तेवढ्यात ती सटकते.

दोन दिवसांनी नवरा दुकानातून आला तोच तोंड पाडून. टिटवीची एक जिवलग मैत्रीण आहे, तिला सगळे कुरळी म्हणतात. तिची आई चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, की त्यांनी तळ्याकाठी भाड्याने घर घेतलंय, नेमकं याच सुट्टीत, आणि टिटवीलाही बोलावलंय. रविवारी संध्याकाळपर्यंत काय ते कळव म्हणून सांगितलंय, म्हणजे झोपायची सोय बघता येईल. टिटवी आमच्याजवळ यातलं अवाक्षर बोलली नव्हती.

सरळ सांगते, मला ही पोरगी हवी होती. नाटकवाल्यांची संध्याकाळ कामात जाते आणि शाळेतल्या पोरांची सकाळ धांदलीत. त्यात कोणाचं चुकतंय असं नाही, आमचं घर असंच चालतं आणि बरं चालतं. पण त्यामुळे आम्हा दोघींच्या वाट्याला दिवसाची नुसती टोकं येतात, मधला सगळा भाग बापाकडे जातो. दोन वर्षांनी ती शिकायला बाहेर पडणार. त्याआधी मला ती सकाळपासून रात्रीपर्यंत सलग हवी होती, चार दिवस का होईना. ती तळ्याला गेली असती तर असा योग पुन्हा कधी जुळला असता कोण जाणे.

नवरा म्हणाला, मग सरळ विचार ना तिला. मी म्हटलं, विचारलं आणि ती तळं म्हणाली तर? त्यापेक्षा मी इटली अशी झकास बसवते, की पोरगी तळ्याचं नावसुद्धा काढणार नाही. त्याने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. तो असं करतो तेव्हा माझं म्हणणं त्याला मुळीच पटलेलं नसतं.

मग मी पदर खोचला, म्हणजे पदर नसतोच, पण खोचला. शहर ठरवलं फ्लोरेन्स. सकाळी कुठलं चित्र बघायचं, दमल्यावर कुठे बसायचं, बसून किती वेळाने उठायचं, सगळं पक्कं केलं. आमच्या लाइटवाल्याला विचारून पुलावर उभं राहायची वेळसुद्धा ठरवली. तो म्हणाला, सूर्य थोडा तिरपा आला की चेहऱ्यावर छान पडतो, फक्त पोरीला उजवीकडे उभी कर. तो स्वतः इटलीला कधी गेलेला नाही, पण प्रकाश सगळीकडे सारखाच, असं त्याचं म्हणणं. मी हे सगळं टिटवीला रोज थोडं थोडं ऐकवायचे. ती मान हलवायची, चालेल म्हणायची आणि बशी उचलून बेसिनमध्ये ठेवायची. तळ्याबद्दल चकार शब्द नाही.

शनिवार उजाडला आणि माझा धीर सुटला. आमच्या धंद्यात कुठलाही प्रयोग रंगीत तालमीशिवाय होत नाही. कपडे, दिवे, सामान, सगळं खरं घेऊन एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघायचं, म्हणजे कुठे काय अडतंय ते कळतं. मी जाहीर करून टाकलं, की उद्या रविवार, उद्या आपण फ्लोरेन्सची रंगीत तालीम करणार. बॅगा घेऊन घरातून निघायचं आणि अख्खा दिवस आपल्याच गावात इटलीसारखा काढायचा. बाबा मिळतील त्या भूमिका करतील. टिटवीने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाप म्हणाला, मला वेटर जमेल.

रविवारी सकाळी मी नाट्यगृहातून सामान आणलं होतं. नवऱ्यासाठी कपडेपटातलं वेटरचं काळं जाकीट. ते एका काडी पैलवानाच्या मापाचं होतं, त्यामुळे नवऱ्याच्या अंगावर एकही बटण लागेना. आणि बॅगांसाठी वजनं. रंगीत तालमीत रिकामी बॅग चालत नाही, उचलताना नट खोटा दिसतो. पण तालमीसाठी इस्त्रीचे कपडे कोण चुरगळून घेणार? म्हणून पडद्याच्या चौकटी पडू नयेत यासाठी आम्ही लोखंडाची वजनं ठेवतो, तीच मी दोन्ही बॅगांत भरली. टिटवीने आपली बॅग उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली.

दारातच विमानतळ होता. नवरा दार अडवून उभा राहिला आणि भुवया चढवून म्हणाला, बॅग उघडा. उघडली. आत लोखंड. त्याने मला विचारलं नाही, टिटवीला विचारलं, की बाई, हे काय घेऊन चाललात? मला वाटलं आता ही फणकारून खोलीत जाणार. तर ती चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाली, "आईच्या सूचना आहेत. त्या घेतल्याशिवाय ती घर सोडत नाही."

नवरा हसत हसत भिंतीला टेकला, जाकीट पाठीत उसवलं, आणि मलाही हसू आवरेना. किती दिवसांनी ही पोरगी एवढं लांबलचक बोलली होती, आणि तेही माझी टिंगल करायला का होईना. वेटरच्या तयारीसाठी नवरा घरीच थांबला आणि आम्ही दोघी जिना उतरलो. तळमजल्यावरच्या आजी दारात होत्या. बॅगा पाहून त्यांनी विचारलं कुठे, टिटवी म्हणाली इटली, आणि आजींनी आमच्या दोघींच्या गालांवरून हात फिरवून सांभाळून जा म्हणून सांगितलं. तालीम आहे हे त्यांना सांगायला मला धीर झाला नाही.

तालमीचा आराखडा साधा होता. पाण्याची टाकी म्हणजे मोठं चर्च, बाजारामागचा पादचारी पूल म्हणजे तो प्रसिद्ध पूल, नगरपालिकेची बाग म्हणजे राजवाड्याची बाग. ट्रामने टाकीपाशी उतरायचं होतं. मी सवयीप्रमाणे हलक्या आवाजात इशारे देत होते. उठायची तयारी ठेव. बॅग उजव्या हातात. आता दाराकडे. टिटवी मुकाट्याने ऐकत होती, आणि तालीम छान चाललीय असं मला वाटत होतं.

पण टाकी आलीच नाही. ट्राम वळली ती भलतीकडेच. पुढे रस्ता खणला होता आणि गाडी दुसऱ्या मार्गाने जाणार असल्याची पाटी चालकाच्या डोक्यावर ठसठशीत लावलेली होती. सगळ्या डब्याने वाचली होती, मी सोडून. मी चालकाशी हुज्जत घातली, त्याने शांतपणे पाटीकडे बोट दाखवलं, आणि आम्हाला शेवटच्या थांब्यावर उतरवून तो डबा खायला निघून गेला. मी रागारागाने बॅग ओढली तर तिचं एक चाक निखळून गटाराच्या जाळीत गेलं.

त्या भागात मी आयुष्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी बॅगेवर बसले. पूल गेला, बाग गेली, तिरपा सूर्यही गेला. संध्याकाळी टिटवी तळ्याला हो म्हणणार, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. माझा आवाज चढला. गाव कसं चालवतात, रस्ते कोण खणतं, असं मी रस्त्याला ऐकवत बसले. नट हातपाय गाळतात तेव्हा मी त्यांना फाडून खाते, आणि इथे माझंच अवसान गळालं होतं.

टिटवी समोरच्या पंक्चरवाल्याकडे गेली. तो एक टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मला वाटलं ही आता रस्ता विचारणार. विचारलाही. पण कुठल्या भाषेत? अगदी साळसूदपणे, मान थोडी झुकवून ती म्हणाली, "स्कूझी, सिन्योरे." आणि पुढे धडाधड इटालियन, त्यात कळण्यासारखं फक्त आमच्या बाजाराचं नाव. ही भाषा ती कधी शिकली, कुठे शिकली, आम्हा दोघांना पत्ता नाही. पंक्चरवाला आ वासून बघत राहिला. मग त्याने हात पुसले आणि दोन्ही हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी तिला रस्ता समजावला. खाली जा, मग पूल, मग डावीकडे. परदेशी पाहुणी आहे म्हणून मोठमोठ्याने बोलत होता. तिने दोन्ही बॅगांकडे बोट केलं, त्याने एक उचलली, त्याच्या तोंडून एक अस्सल शिवी निघाली, आणि दोन्ही बॅगा टायरांच्या मागे नेऊन ठेवत त्याने छातीवर हात ठेवला. म्हणजे काळजी नको.

मी बघतच राहिले. मांडव कोसळला तरी भूमिका सोडायची नाही, हे मी नटांना घसा फोडून सांगते, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना अजून जमत नाही. माझ्या पोरीला न सांगता जमलं होतं. मला इतका आनंद झाला की बॅगेचं आणि इटलीचं दुःख कुठल्या कुठे गेलं. मी तिला विचारलं, अगं, तालीम तर मोडली, मग तू अजून इटालियन का बोलतेस? ती म्हणाली, तालीम मोडली असं तू म्हणालीस, मी कुठे म्हणाले?

मग आम्ही चालायला लागलो. ती पुढे, मी मागे. मागून पाहिलं तर तिची चाल माझ्या नवऱ्याची आहे, जरा डुलत डुलत, कसली लगीनघाई नसल्यासारखी. मी कधी लक्षच दिलं नव्हतं. एका बोळात कोणीतरी खिडकीत उभं राहून सनईसारखं काहीतरी वाजवायचा सराव करत होतं आणि सारखं एकाच जागी अडखळत होतं. आम्ही तो सूर लागेपर्यंत थांबलो, आणि लागला तेव्हा टिटवीने खालून टाळ्या वाजवल्या. खिडकी धाडकन बंद झाली. आम्ही पळत सुटलो आणि पळता पळता माझ्या बरगडीत कळ आली.

एका पोहण्याच्या तलावाच्या बंद दारापुढे पायऱ्या होत्या, तिथे टेकलो. तिने कोपऱ्यावरून दोन आइस्क्रीम आणली. कुठलं हवं ते विचारलं नाही, पण माझं बरोबर आणलं. थोडा वेळ दोघीही चाटत बसलो.

मग ती म्हणाली, "आई, एक विचारू? फ्लोरेन्समध्ये मी काय करायचं?"

मी म्हटलं, काय करायचं म्हणजे, बघायचं. ती म्हणाली, बघायचं काय ते तू ठरवलंयस. बसायचं कुठे ते ठरवलंयस. मी कुठल्या बाजूला उभी राहणार तेही लाइटवाल्या काकांनी ठरवलंय. "त्यात माझी एन्ट्रीच नाहीये, आई. तू नुसती माझी बॅग नेलीस तरी तुझी सहल पूर्ण होईल."

हे ती चिडून म्हणाली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. पण ती अगदी सहज म्हणाली, आणि ते खरं होतं. माझ्या हातावरून आइस्क्रीमचे ओघळ कोपरापर्यंत आले. आठवडाभर जे पोटात ठेवलं होतं ते आता ठेवून उपयोग नव्हता.

"तळ्याचं मला माहीत आहे," मी म्हटलं. "कुरळीच्या आईने बाबांना सांगितलं. तुला तिकडे जावंसं वाटत असेल तर जा, मी तोंड फुगवणार नाही. निदान तुझ्यासमोर नाही. पण मला तू हवी आहेस. फ्लोरेन्स नसलं तरी चालेल, चित्रं नसली तरी चालेल. मला तुझ्याबरोबर राहायचंय, बस्स."

टिटवीने कोनाचं टोक तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग तिने विचारलं, मी जिनोआ म्हटलं तर? मी विचारलं, तिथे काय आहे? ती म्हणाली, ते तिथे गेल्यावर बघू. सगळं शहर डोंगराच्या उतारावर आहे, बोळच बोळ आहेत, आणि वर जायला मध्येच लिफ्ट आहेत. "आणि कुठेही चुकलं तरी खाली उतरत गेलं की समुद्र लागतो. म्हणजे तुला घाबरायला नको."

मी घाबरत नाही, असं मी म्हणणार होते. पण ट्रामच्या थांब्यावर रस्त्याशी भांडणारी बाई तिने पाहिली होती, तेव्हा मी ते गिळलं. मागून चालायला जमेल का तुला, तिने विचारलं. मी म्हटलं, आत्ता अख्खा रस्ता कोणाच्या मागून आले? ती हसली. पण हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. नुसतं "बघते" म्हणाली आणि माझा चिकट हात धरून मला उठवलं. पूल उतरेपर्यंत तिने तो सोडला नाही.

घरी पोचलो तर तळमजल्यावरच्या आजी दारातच. इतक्यात आलात परत, त्यांनी डोळे विस्फारून विचारलं. टिटवी म्हणाली, हो आजी, छान आहे इटली, पण ट्रामचं तेवढं बघायला हवं. वर नवरा उसवलेल्या जाकिटात, हातावर टॉवेल टाकून, जेवणाच्या टेबलाशी उभा होता. दुपारपासून उभा होता म्हणे. पास्त्याचा दगड झाला होता. टिटवीने त्याला इटालियनमध्ये काहीतरी सांगितलं, तो कमरेत वाकला, आणि तिघांनी तो दगड शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवला.

मग ती लॅपटॉप घेऊन खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळ होत आली होती. मी आणि नवरा स्वयंपाकघरात. मी बेसिनशी उभी राहून पातेलं घासायला घेतलं. जाऊन विचारू का, मी म्हटलं. त्याने मान हलवली, नाही. दारापाशी नुसती उभी राहू का? नाही. जन्मभर मी लोकांना आत कधी यायचं ते सांगत आले आणि आता मलाच वाट बघायची होती, आणि ते काम माझ्याने होत नव्हतं. खोलीतून तिच्या बोलण्याचा आवाज आला. फोनवर कुरळी होती. टिटवी खळखळून हसत होती, तळ्याबद्दल काहीतरी, होडीबद्दल काहीतरी. मग पुन्हा हसणं. माझ्या हातातलं पातेलं केव्हाच स्वच्छ झालं होतं.

मी नवऱ्याला म्हटलं, जाऊ दे. मैत्रिणीबरोबर मजा येईल तिला, वयच आहे. आणि ते मी मनापासून म्हटलं, डोळ्यांत पाणी असलं तरी मनापासूनच. त्याने माझ्या हातातून पातेलं काढून घेतलं.

तेवढ्यात आतून हाक आली.

"आई, विमानात तुला खिडकी हवी की कडेची जागा?"

नवऱ्याने पातेलं खाली ठेवलं. खरं तर मी नेहमी कडेला बसते, पटकन उठता यावं म्हणून. कोणाला काही लागलं, कुठे काही अडलं, तर उठावं लागतं ना. खिडकीशी बसायचं म्हणजे कोणाचंच काही बघायचं नाही, फक्त बाहेर बघायचं. मी म्हटलं, तुला कुठली हवी ती घे. ती म्हणाली, मी तुला विचारतेय.

"खिडकी," मी म्हटलं, आणि ते इतक्या मोठ्याने म्हटलं की खाली आजींनाही ऐकू गेलं असणार.

"ओरडू नकोस गं," टिटवी आतून म्हणाली. "मी तुझ्या शेजारीच बसणार आहे."